खुंट क्रमांक एक

चेणे गावच्या हद्दीत एक माणूस एकही झाड न तोडता कोळसा करतो, ही गंभीर बाब सरकारच्या लक्षात यायला सव्वीस वर्षं लागली. उशीर झाला खरा. पण लक्षात आल्यावर मात्र काडीची हयगय झाली नाही.

त्या माणसाचं नाव नाथा. एके काळी त्याच्या घरची भातशेती होती. आता त्या शेतावर ‘घनदाट हाइट्स’ नावाचे चार टॉवर उभे आहेत. जे कापून इमारत बांधायची त्याचंच नाव इमारतीला द्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि बिल्डर मंडळी रीतभात सांभाळून असतात. नाथाकडे उरला तो डोंगराच्या पायथ्याचा एक तुकडा. त्यावर कौलारू घर, घरामागे कोळशाची भट्टी आणि अंगणात भोकराचं एक झाड.

त्याची कामाची पद्धत अगदी साधी होती. दर मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, आसपासच्या सोसायट्या आपापल्या आवारातल्या झाडांच्या फांद्या छाटतात आणि रस्त्याच्या कडेला टाकून मोकळ्या होतात. नाथा टेम्पो घेऊन त्या उचलून आणायचा, छपराखाली रचायचा आणि अख्खा पावसाळा सुकू द्यायचा. ओल्या लाकडाला त्याने कधी विस्तव दाखवला नाही आणि उभ्या झाडाला कधी कुऱ्हाड लावली नाही. ‘उभ्या झाडाचा कोलसा शिव्या देतो’ असं त्याचा बाप म्हणायचा. थंडी पडली की नाथा लाकडं गोलाकार उभी रचायचा, वर पालापाचोळा पसरायचा, त्यावर ओली माती लिंपायचा आणि माथ्यावरच्या भोकातून निखारे आत सोडायचा. पांढरा धूर म्हणजे लाकडातलं पाणी जातंय. धूर पातळ निळा झाला की सगळी भोकं बुजवायची आणि चार दिवस भट्टीला हात लावायचा नाही. कारण आत वारा शिरला की कोळशाची राख होते. एवढं एक वाक्य ज्याला कळलं त्याला हा धंदा कळला. दुर्दैवाने ते वाक्य नियमावलीत नव्हतं.

मिरा रोडचे इस्त्रीवाले, भुट्टेवाले, वरसाव्याच्या पुलाजवळचे ढाबेवाले, सगळे नाथाचा कोळसा न्यायचे. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की काचेसारखे खणखणायचे. यापलीकडे जाहिरात करायची नाथाला कधी गरज पडली नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी घनदाट हाइट्सचे सेक्रेटरी यतीन यांनी बाविसाव्या मजल्याच्या बाल्कनीतून पांढरा धूर पाहिला. यतीन हे कट्टर पर्यावरणप्रेमी. ते बांबूचा ब्रश वापरतात आणि त्यावर कोळशाची काळी पेस्ट घेऊन दात घासतात. पेस्ट तोंडात असतानाच त्यांनी धुराचा व्हिडिओ काढला आणि चूळ भरायच्या आत ऑनलाइन तक्रार नोंदवली : डोंगराच्या पायथ्याशी जंगल जाळून कोळसा केला जातोय.

तक्रार गेली ती काष्ठकोळसा माग व वनसंवर्धन प्राधिकरणाकडे. हे प्राधिकरण नुकतंच स्थापन झालं होतं आणि त्याला काम हवं होतं. त्याची नियमावली तयार करण्यापूर्वी अधिकारी मंडळी एका वाळवंटी देशाचा अभ्यासदौरा करून आली होती. जंगल कसं वाचवायचं हे ज्यांच्याकडे जंगलच उरलेलं नाही त्यांना विचारावं, असा त्यामागचा व्यापक विचार होता. त्या देशात कोळशाच्या प्रत्येक पोत्यामागे खुंट दाखवावा लागतो. म्हणजे कोळसा ज्या झाडाचा, त्या तोडलेल्या झाडाचा जमिनीत राहिलेला बुंधा. तिथे झाडं बोटांवर मोजण्याइतकी. कुठलं गेलं आणि कुणी नेलं याचा माग लागावा म्हणून तो नियम शहाणपणाचाच होता. आपल्या मंडळींनी तो जसाच्या तसा उचलून आणला. येताना उंटावर बसून फोटोही काढले.

प्राधिकरणाचे तपासणी अधिकारी पंढरीनाथराव तीन सहाय्यक आणि एक फावडं घेऊन नाथाच्या अंगणात दाखल झाले, तेव्हा भट्टीला तिसरा दिवस होता. पंढरीनाथराव सज्जन गृहस्थ. ते आयुष्यात कधी कुणाशी आवाज चढवून बोलले नाहीत आणि त्यांनी कधी कुणाचं ऐकलंही नाही.

“खुंट कुठे आहे?” त्यांनी विचारलं.

“कसला खुंट, साहेब?”

“ज्या झाडाचा हा कोळसा आहे, त्याचा.”

“मी झाड तोडीतच न्हाय,” नाथा अभिमानाने म्हणाला. “सव्वीस वर्सं झाली. एक झाड तोडलेलं न्हाय.”

आपण फार मोठी चूक केली हे त्याला तेव्हा कळलं नाही. त्याला वाटलं, साहेब पाठ थोपटतील. पंढरीनाथरावांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

“म्हणजे सव्वीस वर्षं खुंटाशिवाय उत्पादन,” ते सहाय्यकाला म्हणाले. “लिहून घ्या. हे बघा नाथा, खुंट आहे म्हणजे झाड आपलं. खुंट नाही म्हणजे लाकूड चोरीचं. नियम सरळ आहे.”

“पन ह्या फांद्या हायत, साहेब. सोसायटीवाल्यांनी टाकलेल्या.”

“फांदीला खुंट नसतो,” पंढरीनाथराव शांतपणे म्हणाले, “म्हणून नियमावलीत फांदी नाही. आता भट्टी उघडा. नमुना घ्यायचाय.”

नाथाने हात जोडले. “आता नको, साहेब. आता उघडली तर समद्याची राख व्हईल. सोमवारी या. भट्टी थंड झाली का मीच उघडून दावतो.”

“तपासणी चालू भट्टीचीच करायची असते. थंड झालेली भट्टी ही भट्टी नव्हे, मातीचा ढीग आहे. मातीचे ढीग आमच्या अखत्यारीत येत नाहीत.”

फावडं चाललं. मातीला खिंडार पडलं, वारा आत घुसला, तीन दिवस दबून बसलेला विस्तव भडकला आणि नमुना घ्यायला वाकलेल्या सहाय्यकाच्या भुवया जळाल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या लाकडांची पांढरी राख झाली. पंचनाम्यात नोंद झाली ती अशी : ‘सदर भट्टीत कोळसा आढळून आला नाही. राख आढळली. सबब, पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न झाल्याचे दिसून येते.’ शेवटी कलम लावून भट्टीला सील ठोकलं. दुखणं म्हशीला आणि डाग पखालीला म्हणतात तसा प्रकार, फक्त इथे पखालीची सहीसुद्धा घेतली होती.

नाथा दुसऱ्या दिवशी यतीनकडे गेला. फांद्या याच सोसायटीच्या होत्या. तसं एक पत्र मिळालं असतं तर मामला तिथेच मिटला असता. यतीन चांगल्या मनाचे. त्यांनी नाथाला लॉबीत बसवलं, पाणी दिलं आणि अडचण समजावून सांगितली.

“नाथाभाऊ, पर्सनली घेऊ नका. पण असं लेटर मी नाही देऊ शकत.”

“का बरं, साहेब? फांद्या तुमच्याच ना? तुमचाच वॉचमन मना फोन करतो, या न्यायला म्हनून.”

“त्या आमच्याच आहेत. पण आमच्या फांद्यांचं आम्ही सोसायटीतच खत करतो.”

“कुठं?” नाथाने खरोखर कुतूहलाने इकडेतिकडे पाहिलं.

“रिपोर्टमध्ये,” यतीन खालच्या आवाजात म्हणाले आणि लॉबीच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे ‘शून्य कचरा गृहसंकुल’ अशी काचेची ट्रॉफी ठेवली होती. “फांद्या तुम्हाला दिल्या असं मी लिहिलं, तर ही परत करावी लागेल. बाकी काही मदत लागली तर बिनधास्त सांगा. आणि हो, मावशींचं भोकराचं लोणचं झालं की एक बरणी ठेवा हं आमची. मुलं वाट बघतायत.”

भोकराच्या लोणच्याची ही गोष्ट खरी होती. ते झाड नाथाच्या आईने लावलं होतं. नाथाची बायको जिजाबाई सून होऊन घरात आली त्या वर्षी पहिल्यांदा फळलं, म्हणून म्हातारीने ते तिच्या नावावर करून टाकलं होतं. सातबाऱ्यावर नव्हे, तोंडी. दर मे महिन्यात जिजाबाई हिरवी भोकरं ठेचून, चिकट बिया काढून लोणचं घालायची. ज्यांनी शेतावर टॉवर बांधले त्यांनाही बरणी जायची. शेत गेलं तेव्हा ती रडली नव्हती. शेत नवऱ्याचं होतं. झाड तिचं होतं.

भट्टी बंद, सुकलेली लाकडं छपराखाली पडून, इस्त्रीवाले फोनवर फोन करतायत. महिनाभर प्राधिकरणाचे उंबरे झिजवल्यावर एका दुपारी पंढरीनाथरावांना नाथाची दया आली. दया आली की माणूस काय करेल याचा नेम नसतो.

“तुम्ही उगाच अवघड करून ठेवलंय,” ते म्हणाले. “एक झाड तोडा.”

“आं?”

“एक झाड तोडा, खुंट दाखवा, परवाना घ्या. आमची ‘प्रमाणित तोड’ योजना आहे. एका दिवसात मंजुरी. एक खिडकी.”

“आन् झाड तोडायचं नसंल तर?”

“तर खिडकी नाही,” पंढरीनाथराव म्हणाले. “शिवाय एका झाडामागे दहा रोपं लावायची आहेत. जागा आहे ना तुमच्याकडे?”

नाथाने विचार केला. भट्टी, छप्पर आणि घर सोडलं तर मोकळी जागा नव्हतीच. “जागा हाय तिथं भोकर हाय,” तो म्हणाला.

“बघा!” पंढरीनाथरावांचा चेहरा उजळला. “भोकर तोडलं की दहा रोपांना जागा होते. नियमावली किती बारकाईने केलीये, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.”

घरी येऊन नाथाने हे जिजाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, “तुमी सव्वीस वर्सं झाड न्हाय तोडलं म्हनून तुमी चोर. आता झाड तोडलं का साव. असंच ना?”

“असंच म्हनतात ते.”

“मंग त्यांना सांगा, चोर हाय तोच बरा हाय.”

“चोराला भट्टी न्हाय लावून देत, जिजा. खायचं काय?”

तिने तव्यावरची भाकरी उलटली नाही, ती करपली, आणि त्या घरात पहिल्यांदाच करपलेली भाकरी खाल्ली गेली. नाथाला त्या वेळी स्वतःची लाज वाटली. ज्यांना वाटायला हवी होती ते सगळे आपापल्या घरी निवांत जेवत होते.

पाच जूनचा मुहूर्त ठरला. जागतिक पर्यावरण दिन, प्राधिकरणाच्या पहिल्या प्रमाणित तोडीचा शुभारंभ. अंगणात मांडव पडला. दोर बांधायला जागा नव्हती म्हणून ‘झाडे लावा, झाडे जगवा’ हा फलक भोकरालाच बांधला. यतीन प्रमुख पाहुणे. घनदाट हाइट्सची मुलं गालावर हिरवी पानं रंगवून आली होती. प्रत्येक पाहुण्याला स्वागताला एकेक रोप दिलं गेलं. ती दहाच रोपं होती, नाथाला लावायची. ती पाहुण्यांबरोबर गेली. नोंदवहीत मात्र ‘रोपे वितरित : दहा’ असं लिहिलं गेलं, आणि ते खोटं नव्हतं.

झाडाला हात लावण्यापूर्वी नाथाने बुंध्याशी नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि माफी मागितली. फोटोग्राफर म्हणाला, “काका, फिरसे एक बार मांगो ना माफी, इधर देख के.” नाथाने पुन्हा माफी मागितली. फलक कोसळणाऱ्या झाडाखाली सापडू नये म्हणून आधी सोडून घेण्यात आला. मग पंढरीनाथरावांनी प्रथेप्रमाणे कुऱ्हाडीला फीत बांधून ती नाथाच्या हातात दिली. बापजन्मी उभ्या झाडावर न चालवलेली कुऱ्हाड त्याने चालवली, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि झाड पडल्यावर एकाएकी इतकं ऊन आलं की पाहुण्यांनी भाषणं आवरती घेतली. जिजाबाई बाहेर आलीच नाही. खुंटावर पितळी बिल्ला ठोकला गेला : ‘खुंट क्रमांक एक’.

परवाना मिळाला. भोकराचं लाकूड ओलं होतं, तरी तोडीपासून तीस दिवसांत भट्टी लावणं बंधनकारक होतं. नाथाने आयुष्यात पहिल्यांदा ओल्या लाकडाला विस्तव दाखवला. कोळसा निघाला तो भुसभुशीत, हाताला कोळसा कमी आणि काजळी जास्त. तोही चारच पोती. पाचव्या पोत्यासाठी त्याने छपराखालच्या सुक्या फांद्यांकडे बोट दाखवलं, तर प्राधिकरणाने त्या खुंटविरहित म्हणून जप्त केल्या आणि तिथेच अंगणात पेटवून नष्ट केल्या. दोन दिवस धूर बाविसाव्या मजल्यापर्यंत जात होता. पण तो कायदेशीर धूर होता. कुणी तक्रार केली नाही.

नाथाला वाटलं, खुंट आपला आहे, त्याच्या क्रमांकावर पुढचाही कोळसा करता येईल. तेव्हा त्याला कळलं की प्रमाणित झालेला खुंट प्राधिकरणाच्या मालकीचा होतो. आणि एकदा प्रमाणित झालेला खुंट कायमचा प्रमाणित असतो. हे एका चाणाक्ष ठेकेदाराच्या ध्यानात आधीच आलं होतं. त्याने खुंट क्रमांक एक रीतसर वापरायला घेतला आणि कुठल्याशा दूरच्या डोंगरावरचा, ओली झाडं तोडून केलेला कोळसा ट्रकमागून ट्रक भरून त्याच क्रमांकाने विकायला सुरुवात केली. वर्षभरात त्या एका भोकरातून नऊ हजार पोती कोळसा निघाला. पंढरीनाथरावांनी हे आकडे अहवालात मोठ्या अक्षरात घेतले : नऊ हजार पोती आणि तोडलेलं झाड फक्त एक. पुढच्या अभ्यासदौऱ्यात वाळवंटी देशाचे अधिकारी इकडे येणार आहेत म्हणे, शिकायला.

भट्टी कायमची गेली तरी नाथा उपाशी राहिला नाही, हे सांगायला हवं. नाहीतर प्राधिकरणावर अन्याय होईल. इतक्या मोलाच्या खुंटाला राखण हवी म्हणून त्याचीच खुंटरक्षक या पदावर नेमणूक झाली. खाकी शर्ट, शिट्टी आणि प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्ची खुंटाशेजारी, उन्हात. कारण सावली द्यायचं ते झाडच आता खुंट झालं होतं.

पहिल्या पावसाळ्यात एक गडबड झाली. खुंटाला फुटवे आले. बिल्ल्याच्या बाजूने चार-पाच लुसलुशीत कोंब वर आले, तेव्हा जिजाबाई कितीतरी दिवसांनी अंगणात येऊन बसली आणि नाथा पहिल्यांदाच शिट्टी बाजूला ठेवून हसला. त्याने आनंदाने प्राधिकरणाला कळवलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. पान फुटलेला खुंट हा खुंट राहत नाही, ते झाड होतं. झाड झालं की प्रमाणपत्र रद्द, प्रमाणपत्र रद्द म्हणजे त्या क्रमांकाची सगळी पोती बेकायदा. सबब, खुंटरक्षकाने दर सोमवारी सकाळी फुटवे खुडून ‘फुटवा : निरंक’ असा अहवाल पाठवावा.

नाथा कोयता घेऊन खाली बसला. जिजाबाई उठून आत गेली.

भोकराची जात चिवट. तेव्हापासून दर आठवड्याला ते कोंब काढतं आणि दर सोमवारी नाथा ते छाटतो. ज्याने सव्वीस वर्षांत एक झाड तोडलं नाही, तो आता वर्षाला बावन्न वेळा तोडतो, आणि तेही आईने लावलेलं एकच.

यंदाच्या पाच जूनला घनदाट हाइट्सच्या गच्चीवर पर्यावरण दिनानिमित्त बार्बेक्यू होता. यतीन खास खाली आले. हातात कोळशाचं चकचकीत पाकीट, वर हिरव्या पानाचं चित्र आणि ‘हे पाकीट घेऊन आपण एक झाड वाचवले आहे’ अशी ओळ.

“नाथाभाऊ, हे बघा! मागे नंबर बघा. तुमच्या झाडाचा कोळसा!”

नाथाने पाकीट फोडलं, दोन तुकडे काढून एकमेकांवर आपटले. खण आवाज आला नाही. त्याने ते पुन्हा आत ठेवले. “ओल्या लाकडाचा हाय, साहेब. कंचंतरी उभं झाड तोडलंय.”

“पण सर्टिफाइड आहे ना?” यतीन समजुतीच्या सुरात म्हणाले. मग त्यांना आठवण झाली. “अरे हो, मावशी, यंदा लोणच्याची बरणी नाही आली?”

जिजाबाई दारात उभी होती. तिने त्या पाकिटाकडे पाहिलं.

“आली ना, साहेब,” ती म्हणाली. “हातात हाय तुमच्या. पेटवा आन् चाखून बघा.”

यतीन मनापासून हसले. गावच्या लोकांची विनोदबुद्धी त्यांना नेहमीच आवडते. तो किस्सा त्यांनी गच्चीवर सगळ्यांना सांगितला, आणि सगळे हसले.

तुम्हीही मघापासून यतीनला हसताय, ते मी पाहतोय. हसून झालं की जरा घरात एक चक्कर मारा. हिरव्या पानाचं चित्र असलेलं एखादं पाकीट, एखादी डबी, निदान बाथरूममधली ती काळी पेस्ट तरी सापडेल. उलटून पाहा. मागे बारीक अक्षरांत एक क्रमांक असतो. तो कसला, हे विचारायला आजवर कुणी चेण्याला आलेलं नाही. तुम्हाला यायचं असेल तर या, नाथा खुर्चीवरच असतो. फक्त सोमवारी सकाळी येऊ नका. तेव्हा तो तुमच्याच कामात असतो.